न लागलेला गंधार : प्रेमप्रसंगातले पार्श्वसंगीत भावना कशी पोहोचवते

दाराची घंटा वाजते. ती दार उघडते. समोर तो उभा आहे, हातात मिटलेली छत्री. "तुमची छत्री द्यायची राहिली होती," तो म्हणतो. "उद्या दिली असती तरी चाललं असतं," ती म्हणते. "हो," तो म्हणतो आणि तरीही तिथेच उभा राहतो. काही क्षण कोणीच बोलत नाही. मग ती दारातून किंचित बाजूला होते आणि म्हणते, "आत या ना."

हा प्रसंग मी या लेखापुरता रचला आहे, पण मालिका पाहणाऱ्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. पडद्यावर तो दीड-पावणेदोन मिनिटांचा होईल. संवाद म्हणावेत तर चार वाक्ये, त्यांत प्रेमाचा उच्चार कोठेही नाही. तरीही प्रेक्षकाला कळते की तो छत्रीसाठी आलेला नाही. हे तिलाही कळले आहे. आणि आपल्याला कळले आहे हे त्याला कळू द्यावे की नाही, याचा विचार ती करते आहे. एवढी गुंतागुंतीची गोष्ट काही अंशी अभिनयातून आणि काही अंशी कॅमेऱ्यातून पोहोचते, परंतु तिचा बराच मोठा भाग पार्श्वसंगीत पोहोचवते. ते संगीत आपल्या कानांवर पडत असते, पण प्रसंग संपल्यावर "काय वाजत होते?" असे कोणी विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. म्हणूनच त्याचे काम कसे चालते हे सावकाश उलगडून पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी एक सोपा प्रयोग घरच्या घरी करता येतो. कोणताही प्रेमप्रसंग आधी आवाज पूर्ण बंद करून पाहावा आणि मग डोळे मिटून नुसता ऐकावा. आवाज बंद असताना दारातला तो माणूस संकोचलेला दिसतो, पण कशामुळे संकोचलेला आहे ते नक्की ठरत नाही. तो उसने पैसे मागायला आलेला असू शकतो, एखादी वाईट बातमी सांगायला आलेला असू शकतो किंवा नुसताच भिडस्त असू शकतो. डोळे मिटून ऐकताना याच्या उलट घडते. काहीतरी नाजूक घडू पाहते आहे हे कळते, पण कोणाचे आणि कोठे ते कळत नाही. स्तब्ध चेहऱ्याचे पाच-सहा अर्थ निघू शकतात. संगीत त्यांतला एक अर्थ उचलते आणि बाकीचे मागे सारते. चेहऱ्यावर मुळात नसलेली भावना संगीत वरून ओतत नाही, तर असलेल्या अनेक शक्यतांमधून निवड करते, हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

या निवडीचा एक सुंदर पुरावा मानसशास्त्रात आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारिआन झिमेल या संशोधकांनी एक छोटीशी चलचित्रफीत तयार केली. तीत एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण आणि एक वर्तुळ एवढेच इकडून तिकडे हलत होते. तरीही पाहणाऱ्यांनी त्या आकारांना स्वभाव चिकटवले आणि भांडणाच्या, पाठलागाच्या गोष्टी सांगितल्या. पुढे १९८८ मध्ये सॅन्ड्रा मार्शल आणि ॲनाबेल कोहेन यांनी त्याच फितीला वेगवेगळे संगीत जोडून पाहिले, तेव्हा संगीत बदलताच त्या आकारांविषयीची प्रेक्षकांची मतेही बदलली. ज्यांना डोळे नाहीत आणि ओठ नाहीत, अशा भूमितीच्या आकृत्यांच्या बाबतीत हे घडत असेल, तर भावनांनी भरलेल्या पण मौन असलेल्या मानवी चेहऱ्याच्या बाबतीत ते किती सहज घडत असेल, याची कल्पना करता येते.

आता संगीताला ही निवड करता कशी येते, हा खरा प्रश्न आहे. त्याचे पहिले उत्तर आपल्या बोलण्यात सापडते. शब्द कळत नसलेल्या भाषेतही समोरचा माणूस रागावला आहे की लाडाने बोलतो आहे, हे आपल्याला पुष्कळदा ओळखता येते, कारण आवाजाची गती, उंची, जोर आणि धार या गोष्टी भावनेनुसार बदलतात. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का यांनी २००३ मध्ये बोलण्यातील भावनांवरचे १०४ आणि संगीतवादनातील भावनांवरचे ४१ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दोन्हींकडे खुणा मोठ्या प्रमाणावर सारख्याच असल्याचे दिसले. माया व्यक्त करणारे वादन संथ असते, हळू आवाजात असते, त्यात तीक्ष्ण नाद कमी असतो आणि सूर एकदम न आदळता हळुवारपणे उमटतो. झोपेला आलेल्या मुलाशी आपण ज्या आवाजात बोलतो, त्याचेच हे वर्णन आहे. म्हणून प्रेमप्रसंगात बासरी, व्हायोलिन, सारंगी किंवा की-बोर्डवरचा लांबवलेला मऊ सूर, ज्याला या क्षेत्रात पॅड म्हणतात, यांची निवड होते. ही वाद्ये आवाज हळूहळू फुलवू शकतात आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता जाऊ शकतात.

याच्याच जोडीला एक गोष्ट आहे जिच्याविषयी फारसे बोलले जात नाही, पण माझ्या मते प्रेमप्रसंगात ती सुरांइतकीच मोलाची आहे. ती म्हणजे वाद्य कानाच्या किती जवळ वाजते आहे ही जाणीव. बासरीवादकाच्या अगदी जवळ मायक्रोफोन ठेवला तर सुराबरोबर फुंकरीचा खरखरीत श्वासही ध्वनिमुद्रित होतो. गिटार जवळून टिपली तर तारेवरून बोट सरकल्याची बारीक चिरक ऐकू येते. एरवी दोष म्हणून काढून टाकावेत असे हे आवाज इथे मुद्दाम ठेवले जातात. दुसऱ्याचा श्वास ऐकू येणे म्हणजे तो माणूस हातभर अंतरावर असणे, हे आपल्या शरीराला शिकवावे लागत नाही. पडद्यावर ती दोघे दाराच्या दोन बाजूंना उभी असतात आणि त्यांच्यात उंबरठ्याचे अंतर असते, पण बासरीचा श्वास प्रेक्षकाच्या कानाशी आलेला असतो. डोळ्यांना दिसणारे अंतर आणि कानांना जाणवणारी जवळीक यांतल्या या विसंगतीतून ओढ निर्माण होते. उलट त्याच बासरीला भरपूर घुमारा दिला, म्हणजे ती रिकाम्या मोठ्या दालनात वाजते आहे असे भासवले, तर तीच धून आठवणीसारखी, हातातून निसटल्यासारखी वाटू लागते. भूतकाळातले प्रसंग दाखवताना घुमारा वाढवतात तो यासाठीच.

दुसरे उत्तर खुद्द सुरांमध्ये आहे, आणि ते नीट समजण्यासाठी पेटी जवळ असेल तर उत्तम. पांढरी एक, म्हणजे दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी, हा सा धरावा. सा, ग (गंधार), प म्हणजे पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकदम दाबली की प्रसन्न, स्थिर, घरी पोहोचल्यासारखा नाद येतो. पांढरी तीन सोडून तिच्याऐवजी काळी दोन दाबली, म्हणजे शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घेतला, की तोच नाद काळवंडतो, उदासीकडे झुकतो. म्हणजे या तीन सुरांत भावनेचा रंग ठरवणारा सूर मधला आहे. आता गंधार अजिबात घेऊ नये; सा, रे, प किंवा सा, म, प एवढेच दाबावे. जो नाद येतो तो आनंदी नाही आणि दुःखीही नाही. तो थांबलेला आहे. काहीतरी यायचे राहिले आहे असे तो सांगतो, पण काय यायचे आहे ते सांगत नाही.

प्रेम अजून व्यक्त व्हायचे आहे अशा प्रसंगासाठी याहून नेमका नाद सापडणे कठीण आहे. छत्रीच्या प्रसंगात संगीतकार तळाशी सा आणि प यांचा मंद पॅड ठेवील आणि बासरीवर सा, रे, प असा छोटासा तुकडा वाजवील. प वरून ती रे पर्यंत उतरेल आणि तिथेच रेंगाळेल. कान गंधाराची वाट पाहू लागतो. "उद्या दिली असती तरी चाललं असतं" या वाक्यानंतर तुकडा पुन्हा येतो, पुन्हा रे वर थांबतो. "हो" नंतरच्या शांततेत तो तिसऱ्यांदा येतो आणि या वेळी रे वर नेहमीपेक्षा अधिक वेळ ताटकळतो. मग ती बाजूला होते, "आत या ना" म्हणते आणि बासरी रे वरून अलगद शुद्ध गंधारावर येऊन टेकते. प्रेक्षकाला सूरज्ञान नसले तरी त्याच्या छातीत काहीतरी सैल होते. त्याला वाटते की आपण तिच्या बोलण्याने सुखावलो. त्या सुखात गंधाराचाही वाटा असतो, हे त्याला कळत नाही आणि कळायची गरजही नसते.

संगीतातली भावना अपेक्षेतून जन्मते, हा विचार संगीताचे अभ्यासक लिओनार्ड मेयर यांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडला. कानाला पुढे काय येणार याचा अंदाज असतो. तो अंदाज लांबणीवर टाकला, वळवला किंवा पुरा केला, की भावना हलते. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या व्हॅलरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी, ऐकताना अंगावर शहारा येतो असे स्वतःच निवडून आणलेले संगीत ऐकणाऱ्या लोकांच्या मेंदूंचा अभ्यास केला. तेव्हा सर्वोच्च क्षणी तर डोपामाइन हे सुखाच्या अनुभवाशी जोडलेले रसायन स्रवत होतेच, पण तो क्षण येण्याआधीच्या प्रतीक्षेतही मेंदूच्या एका वेगळ्या भागात ते स्रवत होते. वाट पाहणे हा सुखाचा स्वतंत्र भाग आहे, असा त्याचा अर्थ. प्रेमात पडलेल्या कोणालाही हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही.

इथे आपल्या परंपरेतली एक नोंद आठवते. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या रसाला कोणते स्वर प्रधान ठेवावेत हे सांगितले आहे: शृंगार आणि हास्य यांना मध्यम व पंचम, करुणाला गांधार व निषाद. तेव्हाची स्वरव्यवस्था आजच्या पेटीवरच्या पट्ट्यांशी जुळवता येत नाही, त्यामुळे ते वचन उचलून आजच्या धुनेला लावणे चुकीचे ठरेल. परंतु त्याच ग्रंथातले रससूत्र मात्र आजही तंतोतंत लागू पडते. विभाव (भावना जागवणारी कारणे), अनुभाव (भावनेची बाहेर दिसणारी चिन्हे) आणि व्यभिचारी भाव (येत-जात राहणाऱ्या भावछटा) यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो, एकट्यादुकट्या घटकातून होत नाही. छत्री, उंबरठा, तिचे बाजूला होणे आणि गंधार ही सारी एकाच वेळी आली तरच शृंगार उभा राहतो. नुसता गंधार हा केवळ एक सूर आहे.

आणि "एकाच वेळी" या शब्दांतच तिसरे, कदाचित सर्वांत अवघड उत्तर दडले आहे. संगीत काय वाजते याइतकेच ते केव्हा सुरू होते याला महत्त्व असते. भारतासह अनेक देशांत दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला २५ चौकटींच्या, म्हणजे फ्रेम्सच्या, गतीने चालते. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते. ओठांची हालचाल आणि आवाज यांच्या बाबतीत आपण फार चोखंदळ असतो: आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद मागे राहिला, की काहीतरी बिनसल्याचे जाणवू लागते. पार्श्वसंगीताला ओठ नसल्यामुळे त्याला अधिक मोकळीक असते. परंतु तेच संगीत दहा-बारा फ्रेम अलीकडे किंवा पलीकडे सरकवले की "चूक" जाणवत नाही, अर्थ बदलतो.

समजा, तो घंटा वाजवतानाच बासरी सुरू झाली. तेव्हा पडद्यावर तो एकटाच आहे. म्हणजे संगीत त्याच्या मनाचे झाले आणि दार उघडेपर्यंत प्रेक्षक त्याच्या धाकधुकीत सामील झाला. समजा, ती दार उघडते, तिची नजर छत्रीवर जाते आणि तेव्हा पहिला सूर येतो. आता संगीत तिचे झाले. प्रेक्षक तिच्या बाजूने उंबरठ्याच्या आत उभा राहिला. आणि समजा, "हो" म्हणून तो गप्प झाला, अर्धा सेकंद काहीच वाजले नाही आणि मग पॅड इतक्या हळू आला की तो कधी सुरू झाला ते कळलेच नाही. आता संगीत दोघांपैकी कोणाच एकाचे नाही. तोपर्यंतची छत्री ही खरोखर छत्रीच होती. तिचे निमित्त झाले ते या अर्ध्या सेकंदात. चित्र तेच, अभिनय तोच, धून तीच, पण गोष्टी तीन झाल्या. मला स्वतःला तिसरी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तीत संगीत नटांच्या आधी काहीच सांगत नाही. आधी माणसे गप्प होतात आणि मग त्या गप्प होण्यातून सूर निघतो. मात्र तीत बासरीचा तुकडा तीनदा आणायला जागा उरत नाही. एकदाच आणून रे वर थांबवावे लागते. प्रत्येक निवडीची अशी काही ना काही किंमत मोजावी लागते.

नजर वळल्याच्या नेमक्या फ्रेमवर टणकन सूर वाजवला, तर प्रेक्षकाला सूचना मिळाल्यासारखे वाटते: आता हळवे व्हा. नजर वळल्यानंतर दहा-बारा फ्रेम जाऊ दिल्या, तर तो सूर तिच्या मनात उमटलेल्या विचाराचा परिणाम वाटतो, कारण माणसाला पाहिलेले उमगायला तेवढा वेळ लागतोच. सुरुवात लपवण्यासाठी ती दुसऱ्या एखाद्या आवाजाच्या आडोशाने करण्याचीही पद्धत आहे. दाराच्या कडीचा आवाज विरत असताना किंवा वाक्याच्या शेवटच्या शब्दाखाली पॅड आत शिरतो आणि उघडा पडत नाही.

लयीचेही असेच आहे. मिनिटाला ६० ठोक्यांची लय घेतली तर एक ठोका बरोबर २५ फ्रेमचा होतो, आणि चित्राचे कट त्यावर बेतता येतात. पण प्रत्येक कट ठोक्यावर पडू लागला की प्रसंगाचे गाणे होते. म्हणून ज्या ठिकाणी प्रेम अजून अव्यक्त आहे, तिथे तबला किंवा ड्रम बहुधा ठेवत नाहीत. ठेका नसला की पुढचा क्षण कधी येणार याचा अंदाज बांधता येत नाही, आणि त्या दोघांप्रमाणे प्रेक्षकालाही वेळ लांबल्यासारखा वाटतो.

संवादाशी संगीताचे जमवून घेण्याचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे. शब्द स्पष्ट कळण्यासाठी आवश्यक असलेली व्यंजने साधारण २००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात ठळक असतात. तिथेच व्हायोलिनचे वरचे सूर भरले तर प्रेक्षक आवाज वाढवतो आणि संगीत आणखीच अंगावर येते. त्यामुळे बोलणे चालू असताना तळाशी स्थिर पॅड ठेवायचा आणि धून फक्त वाक्यांच्या मधल्या फटीत बोलू द्यायची, हा शहाणपणाचा मार्ग असतो. शिवाय टीव्हीच्या पातळ संचातले छोटे स्पीकर फार खालचे सूर नीट देऊ शकत नाहीत, म्हणून चित्रपटगृहात छातीत घुमणारा खर्ज इथे उपयोगाचा नसतो.

संगीत थांबणे हीसुद्धा संगीताचीच क्रिया आहे. लुचियानो बर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४ जणांना निरनिराळ्या शैलींचे संगीत ऐकवले आणि मध्येच दोन मिनिटांची शांतता ठेवली. जलद संगीताने श्वास आणि हृदयाचे ठोके वाढले, पण त्या शांततेत ते संगीत सुरू होण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली आले. दोन मिनिटांची शांतता कोणतीही मालिका देऊ शकणार नाही. परंतु पॅड विरला, खोलीतल्या घड्याळाची टिकटिक वर आली आणि त्यात "आत या ना" हे तीन शब्द पडले, तर ते कोणत्याही वाद्याच्या साथीपेक्षा अधिक जवळचे वाटतात. अनेक मालिकांमध्ये ही संधी दवडली जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. एकच नजरानजर तीन कोनांतून तीनदा दाखवायची आणि प्रत्येक वेळी तोच झंकार वाजवायचा, यात नटांनी कमावलेली शांतता बुजून जाते.

अर्थात त्यामागे कामाची रीतही आहे. रोज एक भाग द्यावा लागणाऱ्या मालिकेत प्रत्येक प्रसंगासाठी नवे संगीत रचणे शक्य नसते. सुरुवातीलाच मालिकेची मुख्य धून, म्हणजे थीम, तयार होते आणि तिची अनेक रूपे ध्वनिमुद्रित करून ठेवली जातात: बासरीवर संथ, व्हायोलिनवर भरघोस, नुसता पॅड, ठेक्यासह आणि ठेक्याविना. पार्श्वसंगीत लावणारा त्या साठ्यातून प्रसंगानुसार तुकडे निवडतो आणि बसवतो. सूर आधीच ठरलेले असतात. त्याच्या हातात उरते ती जागा, पातळी आणि लांबी. त्यामुळे जाणत्या हातांनी बसवलेली साधी धून अनेकदा उतावळेपणे वापरलेल्या भारी धुनेपेक्षा खोल जाते.

याच पुनरावृत्तीतून थीमला आणखी एक शक्ती मिळते. पहिल्यांदा ऐकलेला सा, रे, प हा तुकडा केवळ सुंदर असतो. दहाव्यांदा ऐकलेल्या तुकड्याला छत्री, उंबरठा आणि ती संध्याकाळ चिकटलेली असते. पुढे ती दोघे दुरावतात, असे समजू. ती घरी एकटी आहे. कोपऱ्यात टेकवून ठेवलेल्या छत्रीकडे तिचे लक्ष जाते. संवाद नाही, पॅडही नाही. बासरी एकटीच, पुष्कळ घुमाऱ्यासह, दुरून आल्यासारखी सा, रे, प वाजवते, रे वर उतरते आणि थांबते. गंधार वाजत नाही. प्रेक्षकाच्या मनात मात्र तो आपोआप लागतो, आणि दारात त्या संध्याकाळी लागला होता तोच लागतो, शुद्ध.